घट्ट आवळल्याने हार्नेस जागेवर राहत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विंडसर्फिंगवरचा लेख आवडीने वाचला. वारा कसा ओळखावा, शीड पाण्यातून कसे उचलावे, बोर्डवर पाय कुठे ठेवावेत हे सगळे लेखकाने छान समजावून दिले आहे. हार्नेसच्या, म्हणजे शिडाची ओढ हातांऐवजी अंगाने तोलता यावी म्हणून बांधायच्या हुकवाल्या रुंद पट्ट्याच्या, वाट्याला मात्र एकच वाक्य आले, आणि त्यात सल्ला असा की तो कमरेला होईल तितका घट्ट आवळावा, म्हणजे हलत नाही. हा सल्ला मी किनाऱ्यावर आणि दुकानांत सतत ऐकते. आता तो छापूनही आला, म्हणून हे पत्र.

शिडे शिवणे आणि दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. शिडांच्या जोडीने हार्नेसही दुरुस्तीला येतात, आणि वारा असेल त्या दिवशी मी स्वतः पाण्यावर असते. हार्नेस घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: वर सरकतो, बरगड्यांवर चढतो, पट्टा बदलून द्या. मी तो टेबलावर उलटा पसरते आणि आधी अस्तर पाहते. वरच्या काठाचे अस्तर गोळे येऊन खरखरीत झालेले असते, काठाची गोट झिजून आतला फोम डोकावत असतो, आणि खालचा अर्धा भाग मात्र नव्यासारखा कोरा. म्हणजे खालचा भाग अंगाला टेकलेलाच नाही. सगळा ताण वरच्या काठाने, बरगड्यांवर घेतला. अशा हार्नेसला नवा पट्टा लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तसे सांगते, तेव्हा माणसे नाराज होतात, कारण त्यांना स्वस्तात सुटका हवी असते. पण पट्टा बदलून तो हार्नेस खाली बसणार नसतो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शिडाला धरायला आडवी बूम असते. वाऱ्याची सगळी ओढ त्या बूममधून हातांत येते, आणि चांगल्या वाऱ्यात मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू थोड्याच वेळात दगडासारखे होतात. जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी १९६८ साली ज्या बोर्डच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यावर अशी सोय नव्हती, जे काही करायचे ते हातांच्या जोरावर. हार्नेस आले ते नंतर, १९७०च्या दशकात. सुरुवातीचे हार्नेस जाकिटासारखे असत आणि त्यांचा हुक छातीवर असे. ओढ खांद्यांतून आणि पाठीतून जाई, आणि पाठी धरत. पुढे हुक खाली आला: कमरेच्या हार्नेसमध्ये बेंबीच्या आसपास, सीट हार्नेसमध्ये ओटीपोटावर. बूमला दोन्ही बाजूंना दोरीचे फास लोंबतात, त्यांना हार्नेस लाइन म्हणतात. ती हुकात अडकवायची, मागे रेलायचे आणि शिडाची ओढ आपल्या वजनाने तोलायची. हात मग फक्त दिशा देतात. हे नीट जमले की तासन्‌तास पाण्यावर राहता येते, आणि या खेळातला खरा आनंद तिथून पुढे आहे.

आता वर सरकण्याचे मूळ. बूम साधारण खांद्याच्या उंचीला असते आणि हुक तिच्यापेक्षा बराच खाली. म्हणजे लाइन हुकापासून पुढे जाते, तशी वरही जाते. आडव्या रेषेशी तिचा कोन ३० अंशांचा असेल, तर ओढीचा निम्मा भाग हार्नेसला वर खेचण्यात जातो. कोन ४५ अंशांचा झाला, तर सुमारे सत्तर टक्के. मागे रेलल्यावर अंगाच्या मानाने हा कोन कमी होतो, पण वर खेचणारा काही भाग राहतोच. आपले शरीर या ओढीला फारशी मदत करत नाही. हार्नेस खाली घसरू लागला तर कमरेची हाडे त्याला अडवतात. वर जाताना मात्र आधी पोटाची मऊ, अरुंद जागा लागते आणि अडवायला थेट बरगड्याच येतात.

अशा वेळी घट्ट आवळून काय साधते? उशी मधोमध दोरीने बांधली की तिच्या दोन्ही बाजू फुगतात आणि दोरी मऊ जागी रुतते, तसे पोटाचे होते. श्वास वरच्यावर चालतो. दमलो की श्वास खोल घ्यावा लागतो, पोट आत-बाहेर होते, ओला वेटसूट (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) दाबला जातो, आणि थोड्या वेळात तोच पट्टा सैल वाटू लागतो. मग पुन्हा आवळा. काही जण दिवसभर हेच करतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात.

हार्नेस जागेवर राहतो तो आकारामुळे. मागचा भाग पाठीच्या खोलगट वळणात बसला पाहिजे, खालचा काठ कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे आणि वरचा काठ बरगड्यांना लागता कामा नये. यासाठी एक माप दुकानात कोणी विचारत नाही, मी ते आवर्जून घ्यायला सांगते. कुशीवर हात ठेवा, शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. या दोहोंत किती बोटे मावतात? ज्यांचे हे अंतर कमी, त्यांना कुशीपाशी उंच असलेला हार्नेस कधीही बसणार नाही. गुडघा वाकवला की खालून हाड त्याला वर ढकलते आणि वरून बरगडी बोचते. माझ्या अंगात हे अंतर थोडेच आहे. सगळ्यांसाठी म्हणून विकले जाणारे हार्नेस माझ्या अंगावर याच कारणाने चढतात. बायकांसाठी वेगळा कापलेला, कुशीपाशी कमी उंचीचा आणि खाली खुब्यांकडे रुंद होणारा हार्नेस घातला आणि ती तक्रार संपली. पुरुषांतही आखूड धडाचे पुष्कळ असतात, त्यांनीही हे माप टाळू नये.

दुसरी गोष्ट स्प्रेडर बारची. हुक ज्या धातूच्या दांड्यावर असतो तो हा बार. याच्या लांबीकडे कोणी बघत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त इथेच सुटतात. हार्नेसची दोन्ही टोके पोटाकडे येतात आणि त्यांच्यामध्ये बार पट्ट्यांनी ताणला जातो. बार लांब असेल, तर अंगाला घट्ट होण्याआधीच टोके बारला येऊन भिडतात. मग पट्टा कितीही ओढा, ओढायला जागाच उरलेली नसते. माणूस म्हणतो, मी तर शेवटपर्यंत आवळला. आवळला हे खरे, पण बारपर्यंत, अंगापर्यंत नव्हे. उलट बार फार आखूड असेल, तर ओढ समोर नीट पसरत नाही, कुशी दोन्हीकडून चेमटल्या जातात आणि बारची टोके पोटात रुततात. सगळे घट्ट केल्यावर बार आणि हार्नेसचे टोक यांत दोन्हीकडे दोन-दोन बोटे जागा उरावी. ती जागा लागतेच, कारण पाण्यात गेल्यावर सगळे थोडे सैल होते. हार्नेस नवा घेताना त्याच्यासोबत कोणता बार येतो आणि तो बदलून मिळतो का, हे विचारून घ्या.

ज्या हार्नेसला आत वेल्क्रोचा रुंद कंबरपट्टा असतो, तो आधी लावायचा. हार्नेस अंगाला धरून ठेवण्याचे काम त्याचे. बार त्यानंतर. पुष्कळ जण उलट करतात, आणि आतला पट्टा नुसता लोंबत राहतो. बारला वर-खाली असे दोन-दोन पट्टे असतील, तर आधी खालचे ओढा. वरचे जास्त ओढले की खालचा काठ फुलासारखा उघडतो, हुक आकाशाकडे बघू लागतो आणि हार्नेस वरची वाट धरतो.

जाड, मऊ फोम पाहून हार्नेस निवडू नका, हे मी हात जोडून सांगते. दुकानात उभ्या उभ्या तो गादीसारखा सुखावतो. ओढ पडली की तोच फोम दुमडतो, त्याचे काठ वळतात आणि कुशींत घुसतात. पाठीमागे कडक, आधीच वळण दिलेला पत्रा असलेले हार्नेस येतात, ते ओढ सगळ्या पाठीवर पसरवतात, म्हणून बोचत नाहीत. पण ते वळण आपल्या पाठीचे असावे लागते. घातल्यावर पाठ आणि हार्नेस यांच्यामध्ये खालून हात घालून बघा. तळहात सहज आत गेला तर तो हार्नेस कितीही नावाजलेला असो, तुमचा नाही.

कंबरेचा घ्यावा की सीट, यावर किनाऱ्यावर वाद होतात आणि त्यात हौस जास्त असते. सीट हार्नेसला मांड्यांभोवती पट्टे असतात, त्यामुळे तो वर चढूच शकत नाही, आणि ओढ कमरेच्या मणक्यांऐवजी बैठकीत जाते. पाठ दुखणाऱ्यांना, मोठे शीड घेऊन सरळ लांब जाणाऱ्यांना तो सुखाचा. शर्यतीतही तो दिसतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेल इथे झालेल्या शर्यतींत, विंडसर्फिंगच्या आयक्यूफॉइल या वर्गात पुरुषांची शिडे ९ चौरस मीटरची आणि बायकांची ८ चौरस मीटरची होती. एवढ्या शिडाची ओढ तोलायला हुक खाली असलेला बरा. लाटांवर खेळणारे आणि उड्या मारणारे कमरेचाच वापरतात, कारण त्यात अंग मोकळे वळते आणि हुक पटकन अडकतो, पटकन सुटतो. पण एक गोष्ट शरीराची आहे, तिथे आवडीनिवडीला जागा नाही. ज्यांचे पोट आणि खुबे सारख्याच घेराचे आहेत, किंवा पोटाचा घेर जास्त आहे, त्यांच्या अंगावर कमरेच्या हार्नेसला टेकायला काठच मिळत नाही. अशांनी सीट हार्नेस घ्यावा, किंवा मांडीचे पट्टे जोडता येतील असा तरी घ्यावा. कमीपणा वाटून घेण्याजोगे त्यात काही नाही.

निवडण्याची पद्धत म्हणाल तर माझी एकच आहे, आणि ती शिंपीकामातून आली आहे. पाण्यात जो वेटसूट घालणार तोच घालून दुकानात जा. सदऱ्यावरून घातलेल्या हार्नेसचे माप वेटसूटच्या जाड निओप्रीनवर (रबरी कापडावर) चालत नाही. हार्नेस बसवून झाला की त्याच्या खालच्या काठाला लागून वेटसूटवर खडूने रेघ ओढा. मग खांद्याच्या उंचीच्या एखाद्या पक्क्या आडव्या दांड्याला दोरीचा फास बांधून त्यात हुक अडकवा आणि पूर्ण वजनाने मागे रेला. दोनचार सेकंद नव्हे, चांगली काही मिनिटे. गुडघे वाकवा, सरळ करा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळा, खोल श्वास घ्या, हात वर न्या. उभे राहा आणि रेघ बघा. काठ एखादे बोट वर गेला असेल तर हरकत नाही, हार्नेस अंगावर बसताना तेवढा हलतो. तीन बोटे वर गेला असेल तर तो काढून ठेवा आणि दुसरा मागा. दुकानदार घाई करेल, तुम्ही करू नका. काही दुकानांत लटकून बघायची सोयच नसते. अशा ठिकाणी फास घेऊन मित्राला धरायला लावा, तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

पट्ट्यांबद्दल चार शब्द, कारण हे माझे रोजचे काम. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की ताणतो. पॉलिएस्टर फार कमी ताणतो. बकलपाशी पट्टा उलगडून बघा. एकाच जागी बारीक चकाकणारी रेघ दिसली, तर बकल नीट पकडते आहे. दोन-तीन बोटे रुंद, चपटी, चकाकणारी जागा दिसली आणि कडेचे धागे पिसारलेले असले, तर पट्टा ओझ्याखाली हळूहळू घसरत आला आहे. एकदा माझ्याकडे एक चांगला, महागडा हार्नेस आला, वर चढतो म्हणून मालकाने विकायला काढलेला. मूळ पट्टा तुटल्यावर त्याने पाठीवरच्या पिशवीचा पट्टा शिवून घेतला होता. रुंदी तीच, पण जाडी कमी, म्हणून बकलच्या दातांना धरायला काही नव्हते. योग्य जाडीचा पट्टा घातला आणि तो हार्नेस अजून वापरात आहे. पट्टा बदलून खरोखर फरक पडतो तो अशा वेळी. बाकी काळजी सोपी: गोड्या पाण्याने धुणे, सावलीत वाळवणे, वेल्क्रोतली वाळू आणि धागे काढणे, उन्हाने विटलेल्या टाक्यांवर नजर ठेवणे.

हार्नेसला दोष देण्याआधी शीड कसे लावले आहे तेही पाहावे. लाइन आखूड असली की बूम अंगाजवळ येते, लाइन उभी होते आणि ओढ वर जाते. लाइन थोडी लांब घेतली की माणूस बूमपासून दूर उभा राहतो, कोन उतरतो. लाइनची पूर्ण लांबी इंचांत सांगतात. २८ इंच, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर, ही नेहमी दिसणारी लांबी, पण उंच माणसाला ती अपुरी पडते. कमरेचा सोडून सीट हार्नेस घेणाऱ्यांचा हुक खाली जातो, आणि तरीही ते जुन्याच लाइन ठेवतात. मग वाकून वाकून हुक अडकवावा लागतो आणि खापर नव्या हार्नेसवर फुटते. बूम फार वर असेल तर थोडी उतरवून बघा. लाइनची जागाही तपासा. हुक अडकवून हात सैल सोडल्यावर मागच्या हातावर ओढ येत असेल तर लाइन मागे सरकवायच्या, पुढच्या हातावर येत असेल तर पुढे. हा तोल चुकला की शरीर एका बाजूला पिळत राहते आणि हार्नेसची एकच बाजू वर चढते. अस्तर एकाच कुशीला झिजलेले दिसले की मी आधी लाइनबद्दल विचारते.

एवढा वेळ सुखाबद्दल लिहिले, पण मला आपल्या लेखातल्या त्या वाक्याची चिंता वाटते ती दुसऱ्या कारणाने. हुक अडकलेला असताना वाऱ्याचा जोरदार झोत आला, तर माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. कधी शिडाखाली सापडतो, कधी लाइन हुकाला पीळ घालून बसते. अशा वेळी हात सरळ हुकाकडे गेला पाहिजे, आणि हुक हाताला माहीत असलेल्या जागी सापडला पाहिजे. हार्नेस छातीपर्यंत चढला असेल तर हात बेंबीपाशी चाचपडतो आणि हुक तिथे नसतो. डोळे मिटून हुक सोडवण्याचा सराव उथळ पाण्यात, सोबत कोणी असताना, पुन्हा पुन्हा करावा. आणि हार्नेसमध्ये फोम असला तरी तो तरंगण्याच्या जाकिटाची जागा घेत नाही. जाकीट वेगळे हवे, तेही आखूड, हुक न झाकणारे. लांब जाकिटाचा खालचा काठ हार्नेसवर येतो आणि हुकापर्यंत हात पोचू देत नाही, हेही विकत घेण्याआधी दोन्ही एकत्र घालून पाहावे.

लेखकांचा उत्साह मोलाचा आहे, त्यांच्यामुळे कितीतरी जण पाण्याकडे वळतील. म्हणूनच विनंती अशी की पुढच्या रविवारी याच पुरवणीत घट्ट आवळण्याचा तो सल्ला दुरुस्त करावा, आणि जमल्यास शेजारी एक साधे रेखाचित्र द्यावे: मागे रेललेला माणूस, बूम, लाइन, हुक आणि लाइन कोणत्या दिशेला ओढते ते दाखवणारा बाण. चित्र काढून द्यायला मी तयार आहे.

आपली,
शिडे आणि हार्नेस शिवणारी एक वाचक